ट्यूबखालचं कुंकू

१

शालू फाटल्याने मनिषाचा काय फायदा होणार होता, याचा हिशेब विचुंब्यातल्या बायकांनी हळदीच्या दिवशी सकाळचा चहा गार व्हायच्या आत लावून ठेवला.

जमेची पहिली बाब ही, की शालू सवतीचा होता. सवत म्हणजे रमा, बळीराम पाटलांची पहिली बायको, रियाची आई. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. जिवंत सवतीशी निदान भांडता येतं. मेलेली सवत एकही चूक करत नाही, त्यामुळे घरात ती दरवर्षी आणखी चांगली होत जाते. दुसरी बाब, रियाने लग्नात आईचाच शालू नेसायचा हट्ट धरला होता, आणि मनिषाने दुकानं पालथी घालून आणलेला शालू "रिसेप्शनला बघू" असं म्हणून कपाटात गेला होता. जुना शालू फाटला म्हणजे नवा बाहेर येणार. आणि रमा एकदाची फोटोच्या चौकटीत परत जाणार.

खर्चाच्या बाजूला काय पडेल, हे कुणी मोजलं नाही. दुसऱ्याचा हिशेब लावताना तेवढी बाजू राहूनच जाते.

शालू सापडला तो असा. सकाळी कृष्णाबाई आल्या. कृष्णाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या घरी त्यांनी धवले म्हटल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, आणि गाण्यात त्या कुणाचं नाव कुठे ओवतील याचा नेम नाही, म्हणून पंचक्रोशीत त्यांना सगळे जरा जपूनच असतात. आल्या आल्या त्या मधल्या खोलीत शिरल्या. नवरीची खोली ती. खिडकी नाही, कपाट तिथेच, मोठा आरसा तिथेच, आणि वर एक जुनी जाडजूड ट्यूब, दोन्ही टोकांना काळवंडलेली. बटण दाबलं की आधी चारदा डोळे मिचकावायची, मग पेटायची.

"ही अजून हाय?" कृष्णाबाई म्हणाल्या.

"रमाने लावलेली," बळीराम म्हणाला. सगळ्या बंगल्यात एलईडी आले होते, या खोलीत आले नव्हते.

"बंद कर ती. मी हिच्या उजेडात नवरीच्या कपाळाला हात लावत नाय. पिवळा बल्ब लाव, जुना, तारेचा."

तसला बल्ब आता मिळतो कुठे? बळीराम पनवेलला माणूस पाठवायला निघाला होता. तेवढ्यात मनिषा पडवीत गेली आणि आपल्या शिलाई मशीनवरचा बल्ब काढून घेऊन आली. ती ब्लाऊज शिवायची, आणि मशीनवर तिला तोच लागायचा.

ट्यूब विझली, बल्ब लागला. रियाने हौसेने कपाट उघडून कुंकवाच्या रंगाचा शालू काढला आणि पदर कृष्णाबाईंच्या मांडीवर पसरला. पदराच्या वरच्या अंगाला, खांद्यावर येतो तिथे, वीतभर फाटलेलं होतं आणि ते शिवलेलं होतं. लालबुंद रेशमावर तपकिरी दोऱ्याचे टाके. घोण चढल्यासारखे.

२

"काल दिवेलागणीला मी स्वतः बघितला होता," रिया म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. "पनवेलहून आलो, आणि मी आधी हा पदर उलगडला. इथेच, या खोलीत. धड होता. आईशप्पथ धड होता."

"मंग किल्ली कुणाला दिलीस?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"मम्मीला." मम्मी म्हणजे मनिषा. "तीच झोपली इथे. कपाटासमोर."

म्हणजे हिशेब चोख जुळला. संध्याकाळी शालू धड, सकाळी फाटका, मधली सगळी वेळ किल्ली मनिषाच्या उशाखाली. त्यात घरात सुई धरणारी तीच.

हे जाहीर करायचं काम भामाबाईंनी केलं. भामाबाई बळीरामच्या थोरल्या भावाची बायको, पलीकडच्याच घरात राहायच्या. मनिषा या घरात आली तेव्हापासून त्यांना मनिषाबद्दल एकच तक्रार होती, ती म्हणजे मनिषा.

"मी काय म्हणते, भावोजी," त्या बळीरामला म्हणाल्या, मांडवातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात, "हिला आज पाटावर बसवू नका. पोरीच्या आईचा शालू जिला बघवला नाय, ती आईच्या जागी हळद लावणार? मी बसते. रमा मला थोरली बहीण मानायची."

बळीरामने शेतं सिडकोला दिली तेव्हा त्याला एवढा विचार पडला नव्हता. तो कृष्णाबाईंकडे बघत राहिला.

"माझ्याकडे का बगतोस?" कृष्णाबाई म्हणाल्या. "पण मलाबी कळायला हवं. धवल्यात आईचं नाव घ्यावं लागतं. कुणाचं घेऊ, ते सांजच्याला हळद कालवायच्या आत सांग. नाय सांगता येत? मंग मला विचारू दे चौघींना."

भामाबाईंपासूनच त्यांनी सुरुवात केली.

"काल दुपारी तू कुठं होतीस गो?"

"इथेच. हे तिघं पनवेलला गेलेले, बांगड्या आणि मेंदीला. घर सांभाळायला आमी दोघी होतो, मी नि कोमल. मी पुढं मांडववाल्यांना पाणी देत होते. पण दुपारचं काय विचारता? शालू रातीचा फाटला ना?"

"विचारायला काय लागतंय," कृष्णाबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर पदर अजून पडलेला होता. फाटल्या जागेकडे त्या बघतच नव्हत्या. पदरावर उभ्या, बोटभर रुंद चुण्या पडल्या होत्या, एकीशेजारी एक, त्यांवरून त्या सावकाश बोट फिरवत होत्या. "रिया, तुझ्या आयशीने हा असाच ठेवलेला का गो, चुण्या घालून?"

"नाही. काल सकाळीच मी उन्हात दाखवला तो, धड होता, आणि परत चौपदरीच घडी घातली. का?"

"काय नाय. जुनं रेशीम हाय. एकदा मोडलं की मोड जात नाय."

३

कोमल भामाबाईंची मुलगी, रियाच्याच वयाची. दोघी एका बाकावर शिकल्या, एकाच दिवशी दोघींचे कान टोचले. शिरढोणच्या निकेशचं स्थळ आधी कोमलसाठी आलं होतं. बघायला आलेल्या मंडळींना पाणी द्यायला रिया पुढे झाली, आणि मंडळींनी घरी जाऊन निरोप पाठवला तो रियासाठी. कोमल त्यावर हसली होती. "पाणी मीच द्यायला हवं होतं," असं म्हणाली होती, आणि सगळ्यांना ते फार समजूतदारपणाचं वाटलं होतं.

"आजी, मला कुणावर आळ घ्यायचा नाही," कोमल म्हणाली. हे वाक्य बोलून झालं की लोक कुणावर तरी आळ घेतातच. "पण मी काल संध्याकाळी घरी जायला निघाले ना, तेव्हा या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. काकी आत उभी होती. शालू हातात."

"रियाचं बघून झाल्यावर?"

"हो, त्यानंतर. आम्ही सगळे चहा पीत होतो. म्हटलं, बघत असेल."

"दिवा कुठला चालू होता?"

"ही ट्यूब. दुसरं काय आहे इथे?"

"आणि शालूच कशावरून? तिच्या हातात दुसरी साडी नसंल?"

"नाही आजी. लालभडक दिसत होता. नजरेत भरला, म्हणून तर लक्षात राहिलं."

कृष्णाबाईंनी पानाचा डबा उघडला, आणि पान न लावताच मिटला.

"लालभडक," त्या म्हणाल्या. "बरं जालं बाय, सांगितलंस ते."

बाहेर मांडवात ही बातमी कोमलच्या आधी पोचली. मनिषाच्या हातात शालू स्वतःच्या डोळ्यांनी बघणारी साक्षीदार मिळाली होती. रियाने हातातला बांगड्यांचा डबा खाली ठेवला आणि बापाला सांगितलं, "पप्पा, मोठ्या काकीला बसवा पाटावर."

४

मनिषा मागच्या अंगणात हळदीचे टोप मोजत होती. पाटावर कोण बसणार हे ठरलं तरी टोप लागणारच होते.

"ऐकलंस?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"ऐकलं मावशी."

"तू हात लावलेलास का शालवाला?"

"काल नाही. कधीच नाही. कपाट झाडते तेव्हासुद्धा तो कप्पा सोडून झाडते."

"मंग सांगत का नाय तसं? सकाळपासनं मान खाली घालून बसलीस. चोर बी याच्यापेक्षा वर बगतो."

मनिषाने एक टोप उगाच उचलून दुसऱ्यात ठेवला.

"सकाळी तो फाटलेला दिसला ना," ती म्हणाली, "तेव्हा मला बरं वाटलं. एवढंसंच, पण वाटलं. किती वर्षं या घरात तिच्या ट्यूबखाली झोपतेय, मावशी. ती फडफडते, घूं करते, तोंडं हिरवट दिसतात, पण बदलायची म्हटलं की ह्यांचा चेहरा पडतो. मग फाडला नसला तरी काय तोंडाने सांगू, की मी नाही त्यातली?"

कृष्णाबाईंनी तो टोप परत बाहेर काढून ठेवला. हिचा मत्सर खरा होता, आणि तो हिने स्वतःहून हातावर काढून दिला होता. मत्सर करणारं माणूस नेहमीच गुन्हा करतं असं नाही. बहुतेक वेळा ते टोप मोजतं.

"मशीनवर पिवळा बल्ब का गो लावतेस?" त्यांनी मधूनच विचारलं.

"मॅचिंगसाठी. नवीन होते तेव्हा एकदा मधल्या खोलीत बसून शिवलं होतं. मरून ब्लाऊजला हात-शिलाई कॉफी दोऱ्याने केली. गिऱ्हाइकाने दारात नेऊन दाखवलं तेव्हा कळलं. तेव्हापासून त्या खोलीत मी दोऱ्याला हात लावत नाही. लाल रिळं सगळी मशीनपाशी, बिस्किटाच्या डब्यात. त्या खोलीत नुसतं उरलेल्या रिळांचं खोकं आहे, काळी, निळी, कॉफी."

"त्या खोक्यात लाल?"

"एकही नाही."

कृष्णाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, पण झटकन.

"चल आत. आणि मान वर ठेव. बल्ब तूच दिलास आज, ध्यानात हाय ना?"

"त्याचं काय?"

"त्याचंच तर सगळं हाय."

५

मधल्या खोलीत त्यांनी बळीरामला, रियाला, भामाबाईंना, कोमलला आणि मनिषाला घेतलं, आणि दार लावून घेतलं. बल्ब चालू होता. पलंगावर शालू पसरला होता, टाके ठसठशीत.

"रिया, टाके दिसतात?"

"आंधळ्यालाही दिसतील, आजी."

कृष्णाबाईंनी बल्ब बंद केला आणि ट्यूब लावली. ट्यूबने चारदा डोळे मिचकावले, मग खोलीभर तो निळसर पांढरा उजेड पडला. पाचही जणांच्या तोंडांवर आजारीपणाची कळा आली. आणि पलंगावरचा शालू लाल राहिला नाही. चिंचोक्याच्या रंगाचा झाला.

"आता दाखव टाके."

रिया वाकली. मग आणखी वाकली. मग तिने हात लावला आणि बोटाने चाचपडत शिवण शोधली. कॉफी दोरा आणि कुंकवाचं रेशीम, दोन्ही एकाच रंगात विरघळून गेली होती.

"देवा," ती म्हणाली.

"काल दिवेलागणीला तू कुठल्या उजेडात बघितलास?"

"याच." रिया पलंगावर बसली. "म्हणजे तेव्हाच फाटलेला होता?"

"फाटलेला हाय आणि शिवलेला बी. तुला दिसला नाय. मी ही ट्यूब का बंद करायला लावते? हिच्याखाली कुंकू सुकलेल्या रक्तागत दिसतं. लाल रंग हिला कळतच नाय. तारेच्या बल्बाखाली तोच लाल पेटून उठतो. तवा शालू रातीचा फाटलेला नाय, बळीराम. दिवसाचा फाटलाय, तुमी तिघं पनवेलला होतात तवा. तुझी बायको तुझ्या शेजारी बसून बांगड्यांचा भाव करत होती."

बळीरामने मनिषाकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

"आणि जिने टाके घातले ना, तिला वाटलं रंग जुळला. याच ट्यूबखाली, दार लावून, त्या खोक्यातलं रीळ शालवाला लावून बघितलं, आणि जुळलं. मनिषाला माहीत हाय की त्या खोक्यात लाल नाय. तिने डोळे मिटून बिस्किटाच्या डब्यातनं लाल काढला असता. वर, तिचे टाके असते तर तिने आपल्या हाताने बल्ब आणून दिला असता का, ते उघडं पाडायला?"

"मग दुपारी घरात कोण," असं म्हणता म्हणता भामाबाई थांबल्या. दुपारी घरात कोण होतं हे सकाळी त्यांनीच सांगितलं होतं.

"दोघी होत्या," कृष्णाबाई म्हणाल्या. "भामा, तू पदर कसा घेतेस?"

"कसा म्हणजे? सोडलेला. डोक्यावर येईल असा."

"या पदराला चुण्या पडल्यात, बोटभर रुंद. नि फाटलाय तो खांद्यावर, जिथं पिन लावतात तिथं. कुणी कातरलेला नाय. कुणीतरी नेसलंय. प्लेट्स घालून, पिन लावून. जुनं रेशीम, पिन ओढली आणि फरकन गेलं. फाडायचा असता तर शिवला कशाला असता? शिवतो तो, ज्याला फाडायचा नव्हता."

त्या खोलीत प्लेट्स घालून पिन लावणाऱ्या दोघीच होत्या, आणि त्यातल्या एकीचा तो स्वतःचाच शालू होता.

"आमची कोमल कशाला," भामाबाई म्हणाल्या. आवाज हळूच होता, पण या वेळी खरोखरचा हळू.

"कोमल," कृष्णाबाईंनी शालूकडे बोट केलं, "कुठला रंग हाय हा, आत्ता? दिसतो तो सांग. माहीत हाय तो नको."

कोमलने बघितलं. बराच वेळ बघितलं.

"चॉकलेटी," ती म्हणाली.

"काल याच ट्यूबखाली, मनिषाच्या हातात तुला लालभडक दिसला."

ट्यूब घूं करत होती. एरवी तो आवाज कुणाला ऐकू येत नसे.

६

कोमलने नाही म्हटलं नाही. किल्ली देव्हाऱ्यात असते हे तिला लहानपणापासून माहीत होतं. एकदाच नेसून बघायचा होता, बस. आई पुढे होती, मांडववाले ठोकाठोक करत होते. तिने दार लावलं, शालू नेसला, पदर पिनने लावला, आणि आरशासमोर उभं राहण्यासाठी वळली तेव्हा फाटल्याचा आवाज आला. शिवून झाल्यावर तिने तीनदा बघितलं. दिसत नव्हतं. सकाळी दिसलं तेव्हा तिलाच सगळ्यात जास्त धक्का बसला, आणि सगळ्या मनिषाकाकीकडे बघत होत्या म्हणून तीही बघू लागली.

"तुला मागायचा होता गं," रिया म्हणाली. "मी दिला असता नेसायला."

"म्हणूनच नाही मागितला," कोमल म्हणाली. "तू सगळं देतेस."

रिया मनिषाजवळ जाऊन उभी राहिली, बांगड्यांच्या हाताने तिचा पदर धरून. लहान असताना बाजारात धरायची तसा.

भामाबाई दाराकडे निघाल्या. कृष्णाबाईंनी त्यांना थांबवलं नाही, फक्त म्हणाल्या, "हळदीला ये गो. तुझं नाव जाव म्हणून घेणार हाय मी, चांगलंच घेईन." मग त्या कोमलकडे वळल्या. त्यांचा एक प्रश्न राहिला होता.

"शालू नेसलीस, आरशात बघितलंस. कशी दिसलीस?"

कोमल आता पहिल्यांदा रडली.

"भूत," ती म्हणाली. "तोंड हिरवं, आणि साडी मातकट. मला वाटलं, मला शोभतच नाही. रियालाच शोभेल."

बळीराम स्टूल घेऊन आला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याने ट्यूब पट्टीतून फिरवून काढली, सदऱ्याने पुसली, आणि कुठे ठेवावी ते न कळून हातात धरून उभा राहिला. शेवटी मनिषानेच ती घेतली आणि रमाच्या फोटोमागे उभी करून ठेवली.

बल्ब पुन्हा लागला. मनिषाने बिस्किटाचा डबा आणला, कॉफीचे टाके उसवले, लाल दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं आणि फाटलेली जागा अशी भरली, की शोधायला बोटंही कमी पडली असती. मग तिने मान वर केली.

"कोमल, इकडे ये. खांद्यावर ताण सहन होतो का बघायचंय. रिया नको, तिची मेंदी ओली आहे."

मेंदी कालची होती. वाळून केव्हाच तिचे पापुद्रे पडले होते.

कोमल आरशासमोर उभी राहिली. मनिषाने तिच्या खांद्यावरून पदर टाकला, चुणीवर चुणी बसवली, आणि बाजूला झाली. पिवळ्या उजेडात तो लाल रंग कोमलच्या गळ्यापर्यंत चढला, गालांवर आला. ती बघत राहिली. टाके तपासायला लागतो त्याच्याहून जरा जास्तच वेळ मनिषाने तिला बघू दिलं, आणि मग पदर काढून घेतला.

संध्याकाळी हळद लागली. कृष्णाबाईंनी धवल्यात आईची दोन नावं ओवली, एक फोटोतल्या आईचं आणि एक पाटावर बसलेल्या आईचं, आणि कुणालाही सूर चुकल्यासारखा वाटला नाही. विचुंब्यातल्या बायकांनी नवा हिशेब घातला, या वेळी दोन्ही बाजूंनी. बळीरामची ट्यूब गेली. भामाबाईंचा पाट गेला. मनिषाची बोलणी खाऊन झाली होती, ती काही परत जाणार नव्हती, आणि सवत अजून चांगलीच होती. या सगळ्याचं मूळ कोमल, आणि सर्वांत जास्त किंमत मोजली तीही कोमलनेच. त्या बदल्यात तिच्या पदरी पडला तो ट्यूबखालचा एक चिंचोका, आणि वर घटकाभराचा खरा लाल. तोही तिच्या हिशेबात नव्हता. तो मनिषाने भरला.